फोटोत उरलेला हात

माझं लग्न झालंय हे आमच्या पाड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पाड्यातल्या कोंबड्यांनाही ठाऊक असणार, कारण त्यांच्यातल्या बऱ्याच जणी त्या लग्नात गेल्या. ठाऊक नव्हतं ते फक्त एका थंड देशाच्या व्हिसा कार्यालयाला. त्या देशाचं नाव मी इथे लिहीत नाही. फाईल अजून त्यांच्याच कपाटात आहे आणि मला पुन्हा त्यांच्या तोंडी लागायचं नाही.

आधी माझी ओळख सांगते. मी वारली. पालघरच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी आमचा पाडा. रसायनशास्त्र शिकले, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले आणि जवळच्याच कुंभवलीत खोली भाड्याने घेतली. आठ तास बाटलीत काय आहे ते तपासायचं आणि घरी येऊन तेच हवेतून हुंगायचं, असा माझा दिनक्रम. नवरा शेजारच्या पाड्यातला, नर्सिंग शिकलेला, बोईसरच्या एका दवाखान्यात कामाला. बाईमाणसाचं काम करतो म्हणून ज्यांनी त्याची टिंगल केली, तेच लोक तो परदेशी निघाला तेव्हा हार घेऊन स्टेशनवर हजर. एकाने तर हार घालता घालता विचारलं, तिकडे आमच्या पोराचं काही जमेल का?

तो गेला तेव्हा ठरलं होतं की सहा महिन्यांत मी मागोमाग जायचं. सहाचे चौदा झाले. रोज संध्याकाळी फोनच्या काचेत त्याचं तोंड बघायचं, तो तिकडे दुपारचा डबा उघडणार आणि मी इकडे आमटीला फोडणी देणार. मला त्याची आठवण कशी यायची सांगू? शेजारणीने सुकट भाजली तरी रडू यायचं. एवढी शिकलेली बाई सुकटीच्या वासाने रडते, सांगायला लाज वाटते, पण खरं ते खरं. मला त्याच्याजवळ जायचं होतं, दुसरं काही नको होतं.

मध्ये तो वीस दिवसांच्या रजेवर आला. नवराबायको इतक्या महिन्यांनी भेटल्यावर काय करतात? आम्ही झेरॉक्स काढल्या. हा दाखला, तो दाखला, त्याच्या तीन प्रती, प्रत्येकीवर सही, सहीच्या खाली पुन्हा सही. एकमेकांशी कमी बोललो आणि स्टेपलरशी जास्त. आणि हे सगळं कुणाच्या हुकमावरून, तर आमच्या व्हिसा-सल्लागाराच्या.

हा सल्लागार पालघर स्टेशनजवळ, मोबाईलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसायचा. गोड बोलणारा माणूस. प्रत्येक वाक्याला 'मॅडम' जोडायचा, मग पुढे काहीही बोलायला मोकळा. त्याच्या खुर्चीच्या मागे भिंतीवर मोठी चौकट टांगलेली होती, काच लावलेली. चौकटीत आमचं वारली चित्र. तांबूस रंगावर पांढऱ्या रेघा, मधोमध लग्नाचा चौक, चौकात देवी, भोवती नाचणारी माणसं. लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने हा चौक लिहिल्याशिवाय आमच्यात लग्नच लागत नाही. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, माणूस आपला दिसतोय.

"लव्ह की अरेंज?" त्याने फॉर्म पुढे ओढून विचारलं.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. "दोन्ही," नवरा म्हणाला.

"दोन्हीला रकाना नाहीये सर. पहिली भेट कुठे?"

"मळणीला. हिच्या मामाच्या खळ्यावर."

"खळ्यावर," असं म्हणत त्याने 'कौटुंबिक समारंभात' असं लिहिलं. "आणि एकत्र कधीपासून राहता?"

"लग्नाच्या आधी दीड वर्षापासून," मी म्हणाले.

त्याचं पेन थांबलं. त्याने दाराकडे बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून. मग मला हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, असं बोलू नका. फाईल खराब होते."

आता यात खराब काय? आमच्याकडे मुलगामुलगी एकमेकांना पसंत पडली, दोन्हीकडची माणसं बसून बोलली, की मुलगी राहायला जाते. लग्न मागून, सगळ्यांचे हात मोकळे झाले की. माझ्या एका चुलत बहिणीच्या लग्नात तिची लेक करवली होती आणि तीच सगळ्यात जास्त नाचली. पण हे सगळं त्या मोबाईलच्या दुकानावर बसून सांगायचा मला कंटाळा आला. त्याने 'लग्नानंतर एकत्र राहू लागले' असं लिहिलं आणि मी मान डोलावली.

"हनिमून? केळवे-बिळवे? बीचवरचा एखादा फोटो?"

"केळव्याला गेलोय की," नवरा म्हणाला. "वाडीत नारळ सोलायला."

"त्यात समुद्र दिसतो का?"

शेवटी तो लग्नाच्या फोटोंवर आला. अकरा फोटो होते आणि अकराही फोटोंत माझी आत्या होती. आत्या म्हणजे वडिलांची चुलत बहीण. तरुणपणीच नवरा गेला, आणि तेव्हापासून ती धवलेरी. आमच्या लग्नात भटजी नसतो. लग्न लावते ती धवलेरी, बाईमाणूस. चौकापुढे बसून देवीला बोलावणं तिचं, गाणी तिची, नवरानवरीच्या डोक्यावर तांदूळ टाकणं तिचं, सगळ्यांना दरडावणंही तिचंच. आसपासच्या पाच-सहा पाड्यांतली निम्मी जोडपी तिनेच लावलेली. आमच्या लग्नात तीन दिवस ती गात होती. आवाज बसला तेव्हा ताडी घेऊन पुन्हा गायली.

"ह्या मावशी कोण? प्रत्येक फोटोत बाजूला ह्याच आहेत," सल्लागार म्हणाला.

मी सांगितलं, धवलेरी म्हणजे काय ते.

"म्हणजे गाण्याचा कार्यक्रम ठेवला होता तुम्ही."

"नाही. लग्न हिने लावलं."

त्याने फोटो डोळ्यांजवळ नेला. "कुंकू दिसत नाही. विधवा आहेत?"

"हो."

"मॅडम," तो इतका हळुवार झाला की मला वाटलं आता घरात कुणी गेल्याचं सांगतो, "बाहेरच्या लोकांना हे कळत नाही. भटजी, अग्नी, सात फेरे, एवढंच त्यांना माहीत. तुमचं खरंच आहे, पण खरं वाटलं पाहिजे ना? मावशींना आपण कापू. आणि मागची भिंत पण घेऊ नका, जरा कळकट दिसते."

मागच्या भिंतीवर आमचा चौक होता. माझ्या सासूने आणि दोन सवाशिणींनी अर्धा दिवस वाकून लिहिलेला. आणि हा शहाणा तोच चौक काचेत घालून, त्याच्याकडे पाठ करून, मला सांगत होता की भिंत कळकट आहे. नवऱ्याने तोंड उघडलं तसा मी टेबलाखाली त्याला चिमटा काढला. "कापा," मी म्हणाले.

दोष सगळा त्या माणसावर टाकता आला तर किती बरं झालं असतं! पण 'कापा' हा शब्द माझ्या तोंडून गेला. कारखान्यात गळ्यात ओळखपत्र घालून फिरायची मला सवय झाली होती. आमचं लग्न कसं लागतं असं प्रयोगशाळेत कुणी विचारलं तर मी "तुमच्यासारखंच" म्हणून मोकळी व्हायचे. मला माझ्या आत्याची लाज वाटत होती. आता लिहिते आहेच तर सरळ लिहिते.

एकदा कापायला लागलं की हात थांबत नाही. लग्नाची नोंद राहिली होती, ती करायला आम्ही ग्रामपंचायतीत गेलो. अर्जात एक रकाना होता, लग्न लावणाऱ्या पुरोहिताचं नाव, वय, पत्ता, सही. ग्रामसेवक भला माणूस, पण नव्या गोष्टीला घाबरणारा. "बाईचं नाव आजवर कुणी लिहिलेलं नाही," तो म्हणाला. "लिहू नये असंही कुठे म्हटलेलं नाही. पण वरून विचारणा झाली तर मी काय सांगू?"

"आत्याला बोलावतो," नवरा म्हणाला. "दोन तासांत येईल."

"नको," मी म्हणाले. "सल्लागारांनी सोय केलीय."

ती सोय म्हणजे बोईसरमध्ये पूजेच्या सामानाच्या दुकानात बसणारे एक भटजी. आम्ही त्यांना आयुष्यात प्रथम पाहत होतो आणि ते आमचं लग्न लावून मोकळे झाले होते. त्यांनी रकान्यात सही केली. वर सल्लागाराच्या सांगण्यावरून आपल्या छापील कागदावर पत्रही दिलं. "मुहूर्त कोणता घालू?" त्यांनी विचारलं.

"दुपारी लागलं," नवरा म्हणाला. "डाळ शिजली तेव्हा."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि लिहिलं, 'गोरज मुहूर्तावर, वैदिक पद्धतीने, यथासांग.' त्यांची दक्षिणा देऊन आम्ही बाहेर पडलो. रिक्षात नवरा पुढे, चालकाशेजारी जाऊन बसला. दोन दिवसांनी त्याची रजा संपली आणि विमानतळावर त्याला सोडतानाही माझ्या हातात फाईलच होती.

पुढे काय काय जमवलं ते सांगत बसले तर तुम्हीच व्हिसा मागाल. छातीचा एक्सरे, पोलिसांचा दाखला, त्याच्या घरमालकाचं पत्र, चौदा महिन्यांच्या फोनकॉलची यादी. त्यात आमच्या फोनवरच्या लेखी गप्पांची काही पानं छापून जोडायची होती, प्रेमाचा पुरावा म्हणून. आमच्या गप्पा म्हणजे "जेवलास?" "हो." "काय?" "बटाटा." अशी अठरा पानं. कुणीतरी साहेबाने बसून तो बटाटा वाचला असेल, त्याची मला अजून दया येते. भाषांतरं झाली, शिक्के झाले, फाईल एवढी जाड झाली की उशीला घेतली तर मान आखडावी. मी ती जमा केली आणि कारखान्यात सगळ्यांना पेढे वाटून टाकले. अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते हेच.

सहा आठवड्यांनी पत्र आलं. व्हिसा नव्हे, प्रश्न. अगदी सभ्य भाषेत, थंड पाण्यात बुडवून काढलेले. भटजींच्या पत्रात लग्न संध्याकाळी लागल्याचं म्हटलं आहे, फोटोंत सावल्या दुपारच्या आहेत, हे कसं? ज्या पुरोहिताची सही आहे तो एकाही फोटोत नाही, हे कसं? लग्नानंतर आठच महिन्यांत पती परदेशी गेला, तर एकत्र राहिल्याचे पुरावे इतके थोडे कसे? लग्नाआधीचे असल्यास तेही द्यावेत. हे वाचून मी कपाळावर हात मारून घेतला. जे लपवलं तेच ते मागत होते!

पण खरा प्रश्न शेवटी होता. सादर केलेल्या फोटोंपैकी चारांमध्ये कडेला एका व्यक्तीचा हात दिसतो. मनगटावर हिरवी नक्षी गोंदलेली आहे. ती व्यक्ती फोटोतून काढून टाकलेली दिसते. ती कोण, आणि का काढली? तीन आठवड्यांत समाधानकारक उत्तर न आल्यास हा विवाह खरा नसल्याचं गृहीत धरण्यात येईल.

मी आमची प्रत काढून बघितली. खरंच, आत्याला कापली होती, पण तिचा हात कसा कापणार? तो आमच्या डोक्यावर होता. आमच्या केसांत तांदूळ टाकणारा, मनगटावर गोंदलेला हात, कोपराशी संपलेला. मी तो चारही फोटोंत पाहिला आणि फोटो फाईलीत कोंबले.

सल्लागाराकडे धावले. त्याने पत्र वाचलं, फोटो बघितले आणि म्हणाला, "चूक आपलीच मॅडम. हात पुसट करायला हवा होता."

मी फोटो त्याच्या हातातून ओढून घेतले.

"हरकत नाही. आता भटजींना फोटोत बसवून घेऊ. आजकाल सगळं होतं. सावली पण लांब करून देतात."

आमच्या घरात आवाज चढवायची सवय नाही असं मी सासरी सांगत असते. त्या दिवशी खालच्या मोबाईलच्या दुकानातली गिऱ्हाइकं जिन्यात येऊन उभी राहिली. "तुमच्या मागे भिंतीवर काय टांगलंय ते कधी वळून बघितलंय का?" मी ओरडले. तो खरंच वळला. त्याने चित्र बघितलं, मला बघितलं आणि म्हणाला, "हे? हे इंटिरियरवाल्याने लावलंय." मी फाईल उचलली आणि जिना उतरले.

नवऱ्याला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि नेमकं तेच वाक्य म्हटलं जे नवऱ्याने कधी म्हणू नये. "मी तेव्हाच म्हणत होतो."

"म्हणत होतास तर थांबवायचंस!"

"तू चिमटा काढलास."

मग आम्ही भांडलो, हजारो मैलांवरून, अगदी मनापासून. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आम्ही बटाट्याव्यतिरिक्त काही बोलत होतो. शेवटी दोघांनाही रडू आलं. तो म्हणाला, "नाही मिळाला व्हिसा तर मी परत येतो, जाऊ दे नोकरी. पण आधी आत्याकडे जा. फोन करू नको. चालत जा."

दिवाळी होऊन गेली होती, भात कापून झालं होतं. आत्या खळ्यावर सूप घेऊन भात पाखडत होती. मला बघून खूश झाली, मग माझं तोंड बघून तिने सूप खाली ठेवलं. "काय गं, नवऱ्यानं दुसरी केली काय तिकडं?"

मी सगळं सांगितलं. रकाना, भटजी, गोरज, पत्र. ती ऐकत होती आणि भातातले खडे वेचून बाजूला टाकत होती. मग म्हणाली, "दाव फोटू."

फोटो तिच्या हातात दिले. तिने एक बघितला, दुसरा बघितला, उलटा करून मागचं बघितलं, जणू बाकीची ती मागे असेल. "माजं डोकं कुठं हाय?" तिने विचारलं.

"कापलं."

"कोनी?"

सल्लागार हा शब्द अगदी जिभेवर होता. "मी," म्हणाले.

 ती भातातला एक खडा हातात घेऊन बसली. आत्या बोलत नाही असं मी जन्मात पाहिलेलं नव्हतं आणि मला भीती वाटली.

"आनि त्या बामनानं तीन दिस गानी म्हनली तुज्या दारात?"

"नाही."

"देव कोनी बोलावला?"

"तू."

"मंग बामनाच्या नावावर देव कसा येल गं? त्याला काय ठाव, कुठल्या पाड्यात जायचा तो?" आणि मग तिचा बांध फुटला. तिने मला माझ्या आजीपासून माझ्या ओळखपत्रापर्यंत जे काही झोडपलं ते मी लिहू शकत नाही, काही शब्दांना लिपी नाही. शेजारच्या खळ्यावरची माणसं हातातली कामं टाकून ऐकत होती. मी मान खाली घालून उभी राहिले आणि खरं सांगते, बरं वाटलं. तिचा दम लागल्यावर मी विचारलं, "येशील का गं आत्या? ग्रामपंचायतीत जबानी द्यायला?"

"येन. पन मी काय सांगनार नाय. सांगायचं तू. सगळ्यांसमोर."

दुसऱ्या दिवशी ती आली ती लग्नात आम्ही मानाचं म्हणून दिलेलं जांभळं लुगडं नेसून. आमच्या लग्नात तिने तेच नेसलं होतं, अकराही फोटोंत आहे. मी विचारलंही नव्हतं, तिचं तिलाच सुचलं. ग्रामपंचायतीत त्या दिवशी दाखल्यांची गर्दी, निम्मी माणसं आमच्याच पाड्यांतली. आत्या बाकावर ऐसपैस बसली आणि मला म्हणाली, "हां. बोल."

मी उभी राहिले. "आमच्या लग्नाच्या नोंदीत खोटं नाव आहे," मी ग्रामसेवकाला म्हणाले. "लग्न हिने लावलं. ही बाई आहे, विधवा आहे, म्हणून मला लाज वाटली आणि मी दुसऱ्याचं नाव लिहून आणलं."   मग रांगेतून एक म्हातारा म्हणाला, "आमचं पन हिनंच लावलंय." दुसरी बाई म्हणाली, "आमचं बी. माज्या लेकीचं बी." ग्रामसेवकाने एकेकाकडे बघितलं, एवढ्या सगळ्या बेकायदा संसारांच्या मध्ये आपण नोकरी करतोय हे त्याला प्रथमच समजत होतं बहुतेक. "प्रतिज्ञापत्र आणा," तो म्हणाला. "दुरुस्ती करतो. वरून विचारलं तर बघू."

पालघरला जाऊन वकिलाकडून प्रतिज्ञापत्र केलं, नवऱ्याने तिकडून सही करून कागद पाठवला. आत्याने अंगठा उठवला. मग मी तिच्या त्या हाताचा फोटो काढला, मनगटावरच्या नक्षीसकट, आणि न कापलेले अकराही फोटो जोडले, चौकासकट, भिंतीसकट. लग्नाआधी एकत्र राहिल्याचा पुरावा कुठून आणायचा म्हणून डोकं धरून बसले होते, तर आरोग्यसेविका धावून आली. हत्तीरोगाच्या गोळ्या वाटताना ती घरोघर माणसं मोजते. तिच्या वहीत लग्नाच्या वर्षभर आधी, सासरच्या घरात, सासऱ्याच्या खाली माझं नाव होतं, पुढे 'गोळी घेतली'. त्या पानाची प्रत शिक्का मारून जोडली. पत्र यावेळी मीच लिहिलं, माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत. तो हात माझ्या आत्याचा आहे, तिने आमचं लग्न लावलं, मला तिची लाज वाटली म्हणून मी तिला कापलं, आणि आता मला त्या गोष्टीची लाज वाटते.

पाच आठवडे मी कारखान्यात बाटल्या मोजत होते पण त्यात काय होतं विचाराल तर आठवत नाही. मग एका दुपारी कुरिअरवाल्याने कुंभवलीच्या खोलीवर पाकीट आणून दिलं. पासपोर्ट उघडला. व्हिसा होता. खालच्या मजल्यावरच्या बिहारी भाभीने माझी किंकाळी ऐकून "क्या हुआ, कौन मर गया" म्हणत वर धाव घेतली.

निघायच्या आठवड्यात आत्याला सांगायला पाड्यावर गेले. ती घरी नव्हती. डोंगराच्या अंगाला एका पाड्यावर लग्न लावायला गेली होती. मी तिथे पोचले तेव्हा भर दुपार होती. चौक लिहून झाला होता आणि ती त्याच्यासमोर नवरानवरीच्या डोक्यावर हात धरून गात होती, तेच जांभळं लुगडं नेसून. नवरीचा भाऊ फोन धरून फोटो काढायला पुढे सरकला, तशी ती मध्येच थांबली. गाणं तोडून थांबलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

"थांब रं," ती त्याला म्हणाली. "डोकं हाय का माजं त्यात?"

सगळा मांडव हसला. माझी गोष्ट डोंगर चढून तिथवर पोचली होती. मी पण हसले, पण माझ्या कानशिलांतून जाळ निघत होता. तेवढ्यात तिने मला बघितलं. हातातले तांदूळ तसेच मुठीत धरून तिने मला मानेने खूण केली.

"तिला दे तो फोन," ती त्याला म्हणाली. "ती काढंल. तिला ठाव हाय, कुठनं कापत्यात ते."

 मी फोन घेतला. मागे सरकत सरकत कुडापर्यंत गेले, आत्या अख्खी मावेपर्यंत. डोक्यापासून पायांपर्यंत काढली, मागच्या भिंतीसकट. मग डोळे पुसले आणि आणखी एक काढला, कारण पहिला हलला होता.